फोंड्याची एक बाई सिनेमा लिहिते आणि करते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यशाळेत, कॉलेजच्या व्यासपीठावर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडे असताना मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दंतवैद्याला तेव्हा उत्तर देता आले नव्हते, ते पाचवे आहे.

तुम्ही मूळच्या कुठल्या? घरात सिनेमाचे कोणी होते का?

फोंडा तालुक्यातली. घर देवळाच्या इतके जवळ की चौघडा वाजला की आमच्याकडे चहाचे आधण चढायचे. सिनेमाचे घरात कोणीच नव्हते. नाटकाचे सगळेच होते, पण त्यात नवल काही नाही. आमच्या भागात उत्सवाला नाटक होतेच. दिवसा मास्तर, पोस्टमन आणि बागायतदार असलेली माणसे रात्री दहानंतर संभाजी आणि औरंगजेब होतात, आणि दुसऱ्या दिवशी औरंगजेब तुमच्या घरी टपाल घेऊन येतो. मास्टर दीनानाथांचे मंगेशी जवळच, त्यामुळे सूर न लागणारासुद्धा नाट्यपद म्हटल्याशिवाय राहत नाही.

माझे वडील प्रॉम्प्टर होते. पाठांतर दांडगे, पण रंगमंचावर पाय लटपटायचे. म्हणून आयुष्यभर विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर वही आणि हातात टॉर्च घेऊन त्यांनी इतरांची वाक्ये सांभाळली. त्यांच्या वहीत संवादांच्या मध्ये पेन्सिलीने बारीक फुल्या असत. एक फुली म्हणजे इथे नट थांबणार आहे, त्याला थांबू दे, शब्द देऊ नको. दोन फुल्या म्हणजे पहिला शब्द दे, पुढचे त्याला आठवेल. तीन फुल्या म्हणजे अख्खे वाक्य दे, हा आज पाठ करून आलेला नाही. दहाव्या वर्षी मला त्या फुल्या वाचता येत होत्या. लेखनाचे माझे पहिले शिक्षण तेच, आणि खरे सांगायचे तर त्यानंतर मी जे शिकले त्यातले बरेचसे विसरावे लागले, हे मात्र टिकले.

म्हणजे नाटक येत असेल तर पटकथा लिहिता येते?

उलट त्रास होतो. माझी पहिली पटकथा मी मुंबईत एका अनुभवी संकलकाला वाचायला दिली. त्यांनी आठवडाभराने परत केली आणि विचारले, ‘यातले आवाज बंद केले तर गोष्ट कळेल का?’ कळली नसती. नवऱ्याचा धंदा बुडालाय हे बायको शेजारणीला सांगत होती, शेजारीण सुनेला सांगत होती, आणि मग नवरा येऊन स्वतःच सांगत होता. नाटकात हे चालते, कारण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेले पाहिजे. कॅमेरा मात्र माणसाच्या हनुवटीपर्यंत जातो. धंदा बुडालेला माणूस हॉटेलात भाजी-पाव मागवतो आणि बिल येण्याआधी टेबलाखाली पाकीट उघडून बघतो, एवढे दाखवले की शेजारणीची सुट्टी.

कामाचा क्रम सांगते, कारण तोही नेहमी विचारतात. आधी चार ओळींत गोष्ट. त्या चार ओळी जमेपर्यंत मी पुढे जात नाही, आणि कधीकधी याला वर्ष लागते. मग दृश्यांची यादी, म्हणजे कोण कुठे जातो, काय हवे असते, काय मिळत नाही. प्रत्येक दृश्याला एक कार्ड, कार्डे भिंतीवर. मग पटकथा, आणि संवाद सगळ्यात शेवटी. पटकथेच्या एका पानाला पडद्यावरचे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक साच्यातून आलेला आहे. देवनागरीत तो माझ्या अनुभवाने जुळत नाही. मी दृश्य मोठ्याने वाचते, मधल्या हालचाली स्वतः चालून बघते आणि घड्याळ लावते. शेजारच्यांना सवय झाली आहे.

शिक्षण कुठे घ्यावे?

पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली. दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम तिथे तीन वर्षांचा, आणि पटकथालेखनाचा वेगळा. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ पासून आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते आणि जागा थोड्या.

मी यातल्या कुठेही गेले नाही, तशी ऐपतही नव्हती आणि माहितीही. मी पणजीला एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. २००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, गोव्यात आला. कार्यालयात कोणालाच परदेशी सिनेमाची आवड नव्हती म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात नवे कोरे आयनॉक्स, बाहेर रंगाचा वास अजून गेलेला नव्हता. दिवसाला चार चित्रपट, रात्री बातमी, शेवटची कदंब बस. पहिल्या दोन दिवसांत मला काही कळले नाही. तिसऱ्या दिवशी एका इराणी चित्रपटात एक मुलगा नुसता चालत जातो, चालतच जातो, आणि माझ्या लक्षात आले की मी मनात फुल्या मारते आहे. एक फुली, आणखी एक फुली. दोन वर्षांनी मी मुंबईला गेले. आईने वर्षभर नातेवाइकांना ‘तिची बदली झालीय’ असे सांगितले.

मालिका लिहून हात बिघडतो का?

बिघडतो, पण वेग येतो. मी सहा वर्षे मराठी मालिकांवर काम केले. तिथे लेखन तिघांत वाटलेले असते: कथाविस्तार एकाकडे, पटकथा दुसऱ्याकडे, संवाद तिसऱ्याकडे. मी संवाद लिहीत असे. आज रात्री पाठवलेले दृश्य उद्या सकाळी चित्रित होते, त्यामुळे ‘सुचत नाही’ हे वाक्य उच्चारायची सोय नाही. नटी आजारी पडली की सासूला तासाभरात काशीयात्रेला पाठवायचे, हेही जमायला लागते.

वाईट सवय एकच लागते, पण ती जाता जात नाही. प्रेक्षक भाजी चिरता चिरता बघतोय असे गृहीत धरून सगळे तीनदा सांगायचे. शेजारीण परत आली, म्हणा ना.

तुम्ही मराठीत लिहिता की कोकणीत? आणि तुम्ही नक्की कोणत्या बाजूच्या?

दंतवैद्याचा प्रश्न हाच होता. गोव्यात हा प्रश्न साध्या कुतूहलाने क्वचितच विचारला जातो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीलाही स्थान मिळाले. त्याआधीचे आंदोलन ज्यांनी पाहिले त्यांच्या घरात हा विषय आजही जेवताना काढत नाहीत.

माझ्या घरातली वस्तुस्थिती सांगते. आई रागावायची कोकणीत, देवाशी बोलायची मराठीत. आरत्या मराठी, शिव्या कोकणी, वर्तमानपत्र मराठी, मासळीबाजार कोकणी. वडील विंगेतून शुद्ध मराठी वाक्य पुरवायचे आणि नटाने तरीही घोळ घातला तर त्याच श्वासात पुटपुटायचे ते कोकणीत. एकाच माणसाच्या तोंडात दोन्ही भाषा आपापली जागा ओळखून असतात. मला लेखक म्हणून यापेक्षा मोठे धन कोणी दिलेले नाही.

म्हणून कार्डे आणि पटकथेचे वर्णन मी मराठीत लिहिते, विचार मराठीत होतो. संवाद ज्याचे त्याच्या भाषेत. पहिल्या चित्रपटात देवळातला पुजारी मराठी बोलतो, त्याची बायको कोकणी, मुलगा दोन्ही, आणि सून सावंतवाडीची असल्याने तिची मालवणी. निर्मात्यांच्या ओळखीतल्या एका वितरकाने सुचवले की सगळ्यांनी प्रमाण मराठी बोलावे, पुण्याच्या प्रेक्षकाला सोपे पडेल. मी त्यांना एक दृश्य तसे करून वाचून दाखवले. पुजाऱ्याची बायको नवऱ्याला म्हणत होती, ‘आपण जेवून घेता का?’ तेही हसले, मीही हसले. आमची बाई ‘जेवता मरे?’ असे विचारते, आणि त्या ‘मरे’त तीस वर्षांचा संसार असतो.

अडचण पुढे येते. अर्जात भाषेच्या रकान्यात एकच शब्द भरायचा असतो. तिथे मी पडद्यावर जास्त मिनिटे जी भाषा असेल ती लिहिते. आणि कोणत्या बाजूची, याचे उत्तर मी दंतवैद्याला पुढच्या भेटीत दिले: डावी वरची दाढ, तेवढे बघा.

गोव्यात चित्रपटसृष्टी आहे तरी का?

सृष्टी म्हणण्याइतकी नाही, माणसे आहेत. पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० साली आला, जेरी ब्रागांझा यांचा. म्हणजे पोर्तुगीज अजून इथेच होते तेव्हा. २४ एप्रिलला तो लागला आणि तो दिवस आजही कोकणी चित्रपट दिन म्हणून पाळतात. मुक्तीनंतर १९६३ साली ‘आमचें नशीब’, १९६६ साली ‘निर्मोण’. या ‘निर्मोण’ची गोष्ट मला सांगायला आवडते, कारण पुढच्याच वर्षी त्यावरून हिंदीत ‘तकदीर’ निघाला. एरवी आपण उलटा प्रवास बघतो.

मग मोठमोठी मोकळी अंतरे. २००९ साली लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पल्तडचो मनीस’ला टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा चित्रपट. तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांना पहिल्यांदा वाटले की जंगलातल्या एका वनरक्षकाची गोष्ट, आपल्या भाषेत, तिथवर पोचू शकते. पुढे बार्डरॉय बार्रेटो, मिरांशा नाईक यांनी केलेले काम बघा. मराठीत इथले लोक नाटक अधिक करतात. सिनेमासाठी मुंबई गाठतात आणि तिथलेच होतात.

इफ्फीचा स्थानिक लेखकाला काय उपयोग?

बघायला मिळते, हा सगळ्यात मोठा. दरवर्षी नोव्हेंबरात पणजीत जग येते आणि प्रतिनिधी म्हणून नोंदणी केली की आपल्याला आत बसता येते. रेड कार्पेटकडे पाठ करून बसलात तरी काही बिघडत नाही.

कामाच्या दृष्टीने फिल्म बाजार महत्त्वाचा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे एनएफडीसीने, तो २००७ पासून इफ्फीच्या जोडीने भरवला. निर्माते, महोत्सवांचे निवडकर्ते, विक्री प्रतिनिधी एकाच आवारात सापडतात. पटकथालेखकांची कार्यशाळा असते, त्यासाठी आधी अर्ज करून निवड व्हावी लागते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ओळखपत्र गळ्यात घालून तीन दिवस नुसती कॉफी प्यायले. कोणाशी बोलावे तेच कळेना. चौथ्या दिवशी एका बाईंनी विचारले, ‘तुमची गोष्ट काय आहे?’ मी वीस मिनिटे बोलले. त्या सौजन्याने ऐकत होत्या आणि मागे त्यांची पुढची भेट घड्याळ बघत उभी होती. तेव्हापासून चार ओळींचा नियम.

गोव्यात चित्रीकरण करणे सोपे असेल ना? सगळे निसर्गरम्यच आहे.

निसर्गरम्य आहे, पण शांत नाही. चित्र सुंदर येते आणि ध्वनिमुद्रक रडतो. पहाटे पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येतो. तुमचा टेक चालू आहे म्हणून तो पाव द्यायचा थांबणार नाही, आणि थांबू नयेच. मे महिन्यात वाड्यावाड्यावर क्रुसापाशी लादाईन, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना, श्रावणात भजनी सप्ताह, शिगम्यात ढोल-ताशे. चिखलीजवळ एका घरात आम्ही निरोपाचे दृश्य करत होतो. दाबोळीच्या नौदल तळावरून लढाऊ विमाने उडाली, आणि उडतच राहिली. निरोप अकरा वेळा घेतला. आता मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यातही मी आधी आकाशाकडे बघते.

परवानगीसाठी गोवा मनोरंजन संस्थेकडे जावे लागते, पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजजवळच्या माकिनेझ पॅलेसमध्ये. कागद तिथून फिरतात, पण घरमालकाची, शेजाऱ्यांची आणि पंचायतीची मर्जी तुम्हालाच सांभाळावी लागते. फोंतेन्यास या पणजीतल्या जुन्या वस्तीत तर लोक फोटो काढणाऱ्यांनीच वैतागलेले आहेत, तिथे क्रेन घेऊन जाण्याआधी चार वेळा चहा प्यायला जा.

माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या चित्रपटाचे पहिले सत्र मार्चमध्ये झाले, पैसे संपले, दुसरे ऑगस्टमध्ये. घर तेच, अंगण तेच, नटीची साडी तीच. पण कंपाउंडाची चिऱ्याची भिंत मार्चमध्ये तांबडी होती आणि ऑगस्टमध्ये शेवाळाने हिरवीकाळी. कथेत मध्ये फक्त एक रात्र गेलेली! दोन दिवस चार माणसे तारेचा ब्रश घेऊन भिंत खरवडत होती. म्हातारी घरमालकीण खूश झाली. म्हणाली, उरलेली मागची भिंतही करून टाका. पटकथेत ऋतू लिहायला तेव्हापासून विसरत नाही.

पैसे किती मिळतात?

पहिल्या पटकथेचे तीन हप्ते ठरले होते. दोन मिळाले. तिसऱ्याची मी अजून वाट बघते आहे आणि त्या निर्मात्यांना दरवर्षी चवथीच्या शुभेच्छा न चुकता पाठवते.

लेखकाचे हप्ते असे बांधून घ्या की पुढचा मसुदा देण्याआधी मागचा हप्ता आलेला असेल. ‘चित्रपट विकला गेला की’ हे शब्द करारात दिसले तर पेन खाली ठेवा. गोव्यातल्या निर्मात्यांच्या कोकणी-मराठी चित्रपटांसाठी सरकारची अर्थसाहाय्य योजना आहे, तिचे नियम बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी ताजी अधिसूचना वाचा, मित्राने सांगितले यावर जाऊ नका. मी बाकी वर्ष अनुवाद, माहितीपट आणि शिकवण्या यांवर काढते. दोन चित्रपटांच्या मध्ये माझी सहा वर्षे गेली, त्यातली चार तरी पैसे जमवण्यात.

माझी कथा कोणी चोरली तर?

नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती कशी मांडली यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. योगायोगाने तो वादही नाटकावरून चित्रपट उचलल्याचाच होता, आणि नाटककार हरले. तेव्हा ‘दोन भाऊ आणि एक बागायत’ एवढेच तुम्ही कोणाला सांगितले असेल तर ते हवेत गेले समजा. शंभर पाने लिहिलेली असतील तर गोष्ट वेगळी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. पण तारखेचा पुरावा हाताशी असावा म्हणून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य व्हा आणि पटकथा तिथे नोंदवा, ऑनलाइन होते. कोणाला पाठवताना ईमेलनेच पाठवा. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक झाले. चित्रपटगृहाबाहेर तुमच्या लेखनाचा जो वापर होतो त्यातला मानधनाचा वाटा तुम्ही करारातून निर्मात्याला सोडून देऊ शकत नाही. करारात तसे कलम अजूनही सर्रास घातलेले असते. वाचा आणि बोट ठेवून दाखवा.

सेन्सॉरचा त्रास झाला का?

नाही. माझ्या चित्रपटात कोणी काही करतच नाही, अशी आमच्या मामांची तक्रार आहे. आता नियमही बदललेत, यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या चित्रपटांच्या, प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन गट झालेत.

लेखक आणि दिग्दर्शक एकच असावा का?

माझ्या बाबतीत नाइलाज होता, दुसरा दिग्दर्शक ठेवायला पैसे नव्हते. सेटवर गेल्यावर मात्र लेखिकेला घरी ठेवून जावे लागते. नटाने तुमचे आवडते वाक्य गिळले आणि दृश्य त्यामुळे चांगले झाले, तर दिग्दर्शिकेने ‘ओके’ म्हणायचे असते. लेखिका रात्री रडून घेईल.

बाई म्हणून सेटवर ऐकतात का?

‘मॅडम’ म्हणतात आणि कॅमेरामनला विचारतात. पहिले तीन दिवस. मग जेवण वेळेवर येते, काम सहाला संपते हे कळले की ऐकतात.

मुलीला हे करायचे आहे. आम्ही काय करावे?

तिला एक नोकरी करू द्या जिथे माणसे येतात-जातात. बँक, दवाखाना, पंचायत, काहीही. आणि उत्सवाच्या नाटकात भूमिका नाही मिळाली तर रडू देऊ नका, विंगेत बसवा.

माझी पटकथा वाचाल का?

चार ओळी पाठवा.

वडिलांनी तुमचा चित्रपट पाहिला का?

पाहिला. फोंड्याला, राजीव गांधी कला मंदिरात, दुपारच्या खेळाला. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. पांढरा सदरा घालून आले आणि सवयीने कडेची खुर्ची धरली. मी शेजारी.

शेवटाकडे एक दृश्य आहे. पुजारी गेल्यावर त्याची बायको माजघरात एकटी बसते, मुलगा दारात येतो आणि विचारतो, ‘आई, आता?’ ती त्याच्याकडे बघते. काही बोलत नाही. चाळीस सेकंद काहीच नाही, बाहेर पाऊस. पंधराव्या सेकंदाला माझ्या शेजारून, हळू पण स्वच्छ आवाजात, विंगेतून येतो तसा शब्द आला: ‘बाळा...’

पुढच्या रांगेतले दोघे वळून बघायला लागले. वडिलांनी वाट पाहिली, नटी बोलेना, तेव्हा त्यांनी तोच शब्द जरा मोठ्याने पुन्हा दिला.

घरी येताना गाडीत त्यांनी विचारले, ‘तिला वाक्य आठवत नव्हते, आणि तुम्ही ते तसेच ठेवलेत?’ मी म्हटले, ‘बाबा, तिला वाक्यच नव्हते.’ ते बांदोड्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, पटकथा बघू दे एकदा.

आठ दिवस ती त्यांच्या उशाशी होती. परत मिळाली तेव्हा मी त्या दृश्याचे पान उघडले. ‘आई, आता?’च्या पुढे, रिकाम्या जागेत, पेन्सिलीने एक फुली होती.